धनगोपाल मुखर्जी : परतीचा प्रश्न आणि वाचकाची निवड

१

भारतीयांनी इंग्रजीत केलेल्या कथात्म लेखनाचा विचार करताना १९३५ हे वर्ष सीमारेषेसारखे मानण्याची प्रथा आहे. त्या वर्षी मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ आणि आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. पाठोपाठ १९३८ मध्ये राजा राव यांची ‘कांथापुरा’ आली. या त्रयीच्या आधी दहा-बारा वर्षे एक बंगाली लेखक अमेरिकेत इंग्रजीतून लिहून आपला चरितार्थ चालवीत होता आणि तेथील वाचकवर्गात त्याचे नाव घरोघरी पोहोचले होते, या गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. धनगोपाल मुखर्जी हे नाव बालसाहित्याच्या अभ्यासकांना ‘गे-नेक’ या कबुतराच्या कथेमुळे ठाऊक असते. रामकृष्ण परमहंसांवरील वाङ्मयाच्या अभ्यासकांना ते रोमां रोलां यांच्या संदर्भात आढळते. क्रांतिकारकांच्या इतिहासात ते थोरल्या भावाच्या चरित्रातील एक उपकथा म्हणून येते. हे तीन धागे एकत्र आणले म्हणजे एका वेगळ्याच प्रश्नाने व्यापलेले आयुष्य दिसू लागते.

तो प्रश्न आज भारतातील सहस्रावधी घरांत विचारला जातो. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाने पदवी हाती आल्यावर तेथेच नोकरीधंदा पाहावा की मायदेशी परतावे? या प्रश्नाची चर्चा सामान्यतः वेतन, सुखसोयी, कौटुंबिक कर्तव्य आणि देशऋण या चार अंगांनी होते. लेखकाच्या बाबतीत त्याला पाचवे अंग असते. जो लिहितो त्याला कोणासाठी लिहायचे हे ठरवावे लागते, आणि वाचक ठरला की भाषा, विषय आणि सांगण्याची रीत यांपैकी बरेच काही आपोआप ठरून जाते. धनगोपालांचे राहणे ही मूलतः वाचकाची निवड होती. त्या निवडीने त्यांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, याचा विचार त्यांच्या चरित्राच्या आधारे करता येतो.

२

धनगोपालांचा जन्म ६ जुलै १८९० रोजी कलकत्त्याजवळच्या एका खेड्यात झाला. गावच्या देवळाची पूजाअर्चा सांभाळणारे हे ब्राह्मण घराणे होते. गावाला लागूनच अरण्य होते, आणि पुढे त्यांच्या पुस्तकांतून जे हत्ती, वाघ, माकडे आणि शिकारी वावरतात त्यांचे मूळ या परिसरात आहे. रामायण-महाभारतातील कथा त्यांच्या कानांवर प्रथम घरातल्या स्त्रियांच्या तोंडून पडल्या. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत इंग्रजी शिक्षण झाले. त्याच काळात कुलधर्माप्रमाणे पौरोहित्याची दीक्षाही मिळाली आणि काही काळ त्यांनी भिक्षेकरी यात्रेकरू म्हणून भ्रमंती केली, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. मौखिक परंपरा, देऊळ, मिशनरी शाळा आणि रस्ता अशा चार विद्यालयांत त्यांची घडण झाली, असे म्हणता येईल.

१९०५ च्या वंगभंगानंतर बंगालचे वातावरण पालटले. थोरले बंधू जदुगोपाल हे युगांतर गटात होते. स्वदेशीच्या चळवळीला गुप्त मंडळ्यांची जशी एक बाजू होती तशी उद्योगविद्येचीही एक बाजू होती. होतकरू तरुणांनी जपान, अमेरिका किंवा जर्मनी येथे जावे, यंत्रविद्या आत्मसात करावी आणि परत येऊन देशात कारखाने उभारावेत, ही कल्पना तेव्हा सुशिक्षितांत रुजली होती. कलकत्ता विद्यापीठात शिकत असलेले धनगोपाल या प्रवाहातूनच जपानला गेले. म्हणजे ‘परत येणे’ हे त्यांच्या प्रस्थानातच गृहीत होते. किंबहुना परत यायचे म्हणूनच त्यांना जायचे होते.

जपानमध्ये त्यांचा भ्रमनिरास झाला. यंत्राच्या वेगाशी माणसाचा देह आणि मन जुंपणारी गिरणीतील व्यवस्था त्यांना अमानुष वाटली. आशियाचा उद्धार ज्या मार्गाने व्हायचा त्या मार्गाचे हे रूप पाहून त्यांनी तो अभ्यास सोडला आणि १९१० मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या कार्यासाठी घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांना पाठविले होते ते कार्य त्यांनी विद्यार्थिदशेतच टाकून दिले होते. यंत्रविद्या शिकून परतणारा तरुण आपल्याबरोबर काहीतरी घेऊन येतो. तत्त्वज्ञान आणि काव्य शिकून परतणाऱ्याने देशाच्या हाती काय ठेवायचे? त्यांच्यापुढील परतीचा प्रश्न बिकट होण्याचे हे पहिले कारण होय.

३

कॅलिफोर्नियातील पहिली वर्षे कष्टाची होती. १९१० ते १९१३ या काळात ते बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकले. पोटासाठी त्यांनी खाणावळीत भांडी घासली, श्रीमंतांच्या घरी घरकाम केले आणि सुट्टीत मजुरांच्या टोळ्यांबरोबर शेतात राबले. त्या काळी पॅसिफिक किनाऱ्यावर पंजाबी शेतमजूर आणि भारतीय विद्यार्थी असे दोन समाज शेजारी शेजारी नांदत होते. या दोन समाजांच्या भेटीतून १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. धनगोपालांचा कल समाजवादी आणि अराज्यवादी मित्रांकडे होता. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून भाषणे करणाऱ्या निर्धन आदर्शवाद्यांत त्यांचे मन रमले. गदरच्या अग्रभागी मात्र त्यांचे नाव आढळत नाही. १९१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते बाहेर पडले, आणि प्रश्न समोर उभा ठाकला.

त्यांच्या समकालीनांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली ती तुलनेसाठी उद्बोधक आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा भारतातील जातिसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथ धनगोपाल अमेरिकेस पोहोचण्याच्या आदल्या वर्षी, १९०९ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठाच्या गावी, इथाका येथे प्रसिद्ध झाला होता. केतकर १९१२ मध्ये भारतात परतले आणि त्यांनी आपली उरलेली शक्ती मराठी ज्ञानकोशासाठी वेचली. परदेशी वसलेल्या मराठी माणसांचे जीवन त्यांनी पुढे ‘परागंदा’ या कादंबरीत रंगविले, तेही मराठी वाचकासाठीच. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांच्या शिष्यवृत्तीबरोबर बडोदे संस्थानच्या सेवेचा करार होता आणि १९१७ मध्ये ते परतले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगनमध्ये शेतकीशास्त्र शिकले, गदरच्या कार्यासाठी बाहेर पडले आणि परतीची वाट बंद झाल्यावर मेक्सिकोत मक्याच्या संशोधनात आयुष्याची मोठी वर्षे घालवून स्वातंत्र्यानंतर नागपूरला आले. केतकरांनी वाचक मायदेशी ठेवला. आंबेडकरांना परत आणणारा करार होता आणि त्याहून बलवत्तर असे कार्य होते. खानखोजे यांची विद्या अशी होती की कोणत्याही मातीत ती रुजावी. धनगोपालांपाशी ना करार होता, ना संस्था, ना सर्वत्र रुजणारी विद्या. त्यांच्यापाशी केवळ आठवणींचा एक साठा आणि परक्या भाषेवर मिळविलेले प्रभुत्व होते. या दोहोंना ग्राहक होता तो अमेरिकेत.

रवींद्रनाथांना १९१३ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला आणि पौर्वात्य गीतांविषयी पाश्चात्य वाचकांत कुतूहल निर्माण झाले. या अनुकूल वाऱ्याचा लाभ धनगोपालांच्या पहिल्या पुस्तकांना मिळाला. ‘रजनी’ आणि ‘लैला-मजनू’ ही १९१६ मध्ये, तर ‘संध्या’ १९१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत प्रसिद्ध झाली. या काव्यांत रवींद्रांच्या इंग्रजी गद्यगीतांची छाया स्पष्ट आहे आणि त्यांचे स्वतंत्र मोल फार नाही. परंतु त्यांच्या चरित्रात या पुस्तकांना महत्त्व आहे, कारण त्यांबरोबर वाचक ठरला. बंगालीत लिहिण्याचा मार्ग मागे पडला. तो कोणा एका दिवशी विचारपूर्वक सोडून दिला असे दिसत नाही. व्याख्यानांना निमंत्रणे येत गेली, प्रकाशक मिळाला आणि मार्ग आपोआप बंद झाला.

४

१९१६ मधील एक प्रसंग या संदर्भात अर्थपूर्ण आहे. जर्मनांकडून शस्त्रे मिळविण्याच्या खटपटीत आशियाभर भटकलेले नरेंद्रनाथ भट्टाचार्य हे बंगाली क्रांतिकारक त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. जदुगोपालांचे ते सहकारी असल्यामुळे साहजिकच त्यांनी जवळच पालो आल्टो येथे राहणाऱ्या धाकट्या भावाचे घर गाठले. पोलिसांचा ससेमिरा चुकविण्यासाठी जुने नाव पुसून नव्याने आरंभ करावा, असा सल्ला धनगोपालांनी त्यांना दिला आणि तेथेच मानवेंद्रनाथ रॉय हे नाव जन्मास आले. रॉय यांनी आपल्या आठवणींत ही हकीकत नोंदविली आहे. पुढे रॉय मेक्सिकोत गेले, मॉस्कोत गेले, कॉमिंटर्नमध्ये पोहोचले आणि अखेर भारतात परतले. नाव बदलणारा परतला आणि नाव सुचविणारा मूळ नावासह तेथेच राहिला.

या प्रसंगानंतर वर्षभरात परिस्थिती कठीण झाली. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि सॅन फ्रान्सिस्कोत भारतीय क्रांतिकारकांवर खटला उभा राहिला. त्याच वर्षी संमत झालेल्या स्थलांतरविषयक कायद्याने भारतासह आशियाचा मोठा भूभाग निषिद्ध क्षेत्र ठरविला. या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. मजुराला त्याने दार बंद केले; परंतु विद्यार्थी, अध्यापक, व्यापारी, वैद्य, लेखक आणि कलावंत यांना अपवाद म्हणून मोकळे ठेवले. शेतात राबलेला आणि भांडी घासलेला तरुण ज्या काळात लेखक म्हणून उदयास येत होता त्याच काळात कायद्याने लेखक आणि मजूर यांच्यात अशी रेषा ओढली. लेखन ही धनगोपालांची वृत्ती होती आणि उपजीविकाही. आता ती परदेशातील प्रतिष्ठित अस्तित्वाची एक कोटीही बनली.

१९१८ मध्ये त्यांनी एथेल रे डूगन या अमेरिकन अध्यापिकेशी विवाह केला. त्यांना एक मुलगा झाला. १९०७ च्या कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावीत असे. १९२२ मध्ये या कायद्यात सुधारणा झाली, तरी नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या पुरुषांशी विवाह करणाऱ्या स्त्रियांना तिचा लाभ १९३१ पर्यंत मिळाला नाही. परक्या देशात राहण्याचा निर्णय हा एकट्याचा निर्णय असतो, ही समजूत किती अपुरी आहे हे अशा कलमांवरून ध्यानात येते.

५

तेराव्या शतकातील एखाद्या यात्रेकरूप्रमाणे धनगोपाल दीर्घकाळाने मायदेशी येऊन गेले. सुमारे बारा वर्षांच्या वियोगानंतर घडलेल्या या भेटीचे वर्णन १९२४ च्या ‘माय ब्रदर्स फेस’ या पुस्तकात आहे. आई निवर्तली होती. जदुगोपाल १९१५ पासून कित्येक वर्षे भूमिगत राहिले होते. ज्या भावाने धाकट्याला परदेशी धाडले तो भाऊ जंगलांतून, वेषांतर करून, उपासमार सोसत मायभूमीतच निर्वासितासारखा वावरला होता. आणि ज्याला परत येऊन सेवा करायची होती तो प्रवासी होऊन, पाहुणा होऊन आला होता. पुस्तकात कथन बहुतांश भावाच्या तोंडी आहे. लेखक ऐकतो आणि लिहून घेतो. ही रचना कथनतंत्राच्या दृष्टीने साधी आहे, परंतु तिच्यात या दोन भावांचे नाते पूर्णपणे उतरले आहे. देशात राहिलेल्याने जगायचे आणि देशाबाहेर गेलेल्याने ते सांगायचे, अशी ती कामाची वाटणी होती. १९२३ मध्ये जदुगोपालांना अटक झाली आणि चार वर्षे ते तुरुंगात होते. पुढे त्यांनी रांचीत डॉक्टर म्हणून सेवा केली आणि ते १९७६ पर्यंत जगले.

भारतभेटीनंतर धनगोपाल अमेरिकेत परतले. ‘परतणे’ या क्रियापदाची दिशाच आता उलटली होती.

१९२३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र ‘कास्ट अँड आउटकास्ट’ प्रसिद्ध झाले. पूर्वार्धात बंगालमधील बालपण, देऊळ आणि भ्रमंती आहे; उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील मजुरी, विद्यापीठ आणि चळवळ्या मित्रमंडळी आहे. पूर्वार्धाची भाषा मंद, गंभीर आणि लयबद्ध; उत्तरार्धाची भाषा बोलीच्या जवळची, तुटक आणि विनोदाकडे झुकणारी. एकाच पुस्तकात एकाच लेखकाने दोन शैली वापराव्यात हे अनुभवविश्वाच्या दुभंगाचे द्योतक आहे. शीर्षकातील श्लेषही त्याच दुभंगाचा आहे. जातीत जन्मलेला माणूस समुद्र ओलांडताच एका अर्थाने जातिबाह्य होतो आणि पलीकडच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर वेगळ्याच अर्थाने बहिष्कृत ठरतो.

हा दुसरा अर्थ त्याच वर्षी कायद्याने पक्का केला. अमृतसर जिल्ह्यातून विद्यार्थी म्हणून आलेले आणि महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेले भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निर्णय दिला की, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय हे श्वेतवर्णीय नव्हेत आणि म्हणून ते नागरिकत्वास पात्र नाहीत. त्यापूर्वी ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळाले होते त्यांच्यापैकी अनेकांचे ते काढून घेण्यात आले. १९१५ मध्ये कुटुंबासह आलेले आणि १९२१ मध्ये नागरिक झालेले वैष्णोदास बगाई यांनी या आघातानंतर १९२८ मध्ये आत्महत्या केली. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्याचा प्रवेश केवळ शिक्षणापुरता मर्यादित केला. शिक्षण संपले की परदेशी विद्यार्थ्याचा मुक्कामही संपावा, हे सूत्र तेव्हापासून कायद्यात आले. आधी येऊन राहिलेल्या धनगोपालांना कोणी घालवून दिले नाही. परंतु त्या देशाचे होण्याचा मार्ग त्यांना कायमचा बंद झाला.

६

याच वर्षांत त्यांची लेखणी सर्वाधिक बहरली. १९२२ च्या ‘करी द एलिफंट’ या पुस्तकापासून मुलांसाठी लिहिलेल्या प्राणिकथांची मालिका सुरू झाली. १९२६ मध्ये रामकृष्ण परमहंसांवरील ‘द फेस ऑफ सायलेन्स’ आले. याच पुस्तकामुळे रोमां रोलां यांचे लक्ष रामकृष्णांकडे वेधले गेले आणि १९२९ मध्ये त्यांचे रामकृष्णचरित्र प्रसिद्ध झाले. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ने भारताचे जे विद्रूप चित्र उभे केले त्याला धनगोपालांनी १९२८ मध्ये ‘अ सन ऑफ मदर इंडिया आन्सर्स’ या पुस्तिकेने उत्तर दिले. शीर्षकातील ‘पुत्र’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. जन्मभूमीपासून दूर राहिलेल्याने पुत्रधर्म बजावायचा तो साक्षीदार आणि वकील होऊन, अशी त्यांची भूमिका येथे दिसते. त्यानंतर ‘व्हिजिट इंडिया विथ मी’ (१९२९) आणि ‘डिसइल्यूजन्ड इंडिया’ (१९३०) ही पुस्तके आली. १९३१ मध्ये त्यांनी ‘द साँग ऑफ गॉड’ या नावाने भगवद्गीतेचा अनुवाद केला.

या ग्रंथसंभारात एक अडचण सर्वत्र जाणवते. प्रौढ अमेरिकन वाचकासाठी लिहिताना लेखकाला प्रत्येक गोष्ट समजावून द्यावी लागते, आणि समजावून देताना तिचे समर्थनही करावे लागते. वाचकाच्या मनात भारताविषयी एक तर तुच्छता असते किंवा गूढतेची भूक असते. पहिलीला उत्तर द्यायचे आणि दुसरीला अन्न पुरवायचे, या दोन कामांत लेखकाची स्वतःची शंका, स्वतःचा संताप आणि स्वतःचे एकाकीपण यांना जागा उरत नाही. कलकत्त्यात राहून बंगालीत लिहिणाऱ्या लेखकाला देवळातील पुजाऱ्याची थट्टा करता आली असती. न्यूयॉर्कमध्ये लिहिणाऱ्याला ती करता येईना, कारण तिचा उपयोग मेयोबाईंच्या बाजूने झाला असता. वाचकाची निवड ही अशा रीतीने मौनाचीही निवड ठरली.

या अडचणीतून त्यांना सोडविले ते बालवाचकाने. मुलाच्या मनात पूर्वग्रह घट्ट झालेला नसतो आणि गूढाची त्याला नवलाई नसते. त्याला गोष्ट हवी असते. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गे-नेक’चा नायक हा कलकत्त्यातील एका मुलाने पाळलेला निरोप्या कबुतर आहे. त्याचे मूळ नाव चित्रग्रीव. पंचतंत्र आणि हितोपदेश यांच्या वाचकाला या नावाची ओळख सांगावी लागत नाही. पारध्याच्या जाळ्यासह आकाशात उडालेल्या कपोतराजाचे हे नाव आहे. इंग्रजी शीर्षक या संस्कृत नावाचा जवळजवळ शब्दशः अनुवाद आहे. प्राचीन कथेतील चित्रग्रीव आपल्या परिवाराला जाळ्यातून सोडवितो. धनगोपालांचा चित्रग्रीव हिमालय ओलांडतो, ससाण्याशी झुंजतो, भारतीय सैन्याबरोबर फ्रान्सच्या रणभूमीवर निरोप पोहोचवितो आणि जखमी, भयग्रस्त होऊन घरी येतो. मग पर्वतातील लामांच्या सान्निध्यात त्याच्या मनातील भय ओसरते. १९२८ मध्ये या पुस्तकाला न्यूबेरी पदक मिळाले. अमेरिकेतील बालसाहित्याचा हा श्रेष्ठ सन्मान मिळविणारे ते पहिले भारतीय लेखक होत. ज्या देशाने त्यांना नागरिक होण्यास अपात्र ठरविले होते त्या देशाच्या ग्रंथपालांनी त्यांचे पुस्तक आपल्या मुलांच्या हाती दिले.

कबुतराची कथा ही घरी परतण्याची कथा असते, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. निरोप्या कबुतराला कितीही दूर नेऊन सोडले तरी दिशा त्याच्या देहातच असते. तरीही या कथेवर लेखकाच्या आयुष्याचे रूपक सरसकट लादणे युक्त होणार नाही. तिचे सामर्थ्य तिच्या तपशिलात आहे : पिलाला उडायला शिकविणारे आईबाप, गच्चीवरून शीळ घालणारा मुलगा, वादळाआधीचा आकाशाचा रंग. या तपशिलासाठी समर्थनाची गरज नव्हती. त्यामुळे धनगोपालांच्या समग्र लेखनात हेच पुस्तक सर्वांत मोकळे आणि सर्वांत टिकाऊ ठरले.

७

१९३० नंतरची वर्षे उताराची होती. आर्थिक मंदीने पुस्तके आणि व्याख्याने या दोन्हींची मागणी घटविली. भारतात स्वातंत्र्याचा लढा ज्या टप्प्यावर आला होता तेथे परदेशातील वकिलापेक्षा रस्त्यावरील सत्याग्रही अधिक मोलाचा होता. धनगोपालांच्या लेखनाचा ओढा आता प्रार्थना आणि ध्यान यांच्याकडे वळला; १९३४ च्या ‘द पाथ ऑफ प्रेयर’मध्ये तो दिसतो. औदासीन्याने त्यांना ग्रासले होते. १४ जुलै १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. सेहेचाळिसावा वाढदिवस होऊन आठ दिवस झाले होते.

या मृत्यूला एकच कारण चिकटविणे अनुचित होईल. मनाचा आजार हा कायद्याच्या कलमांतून किंवा वाङ्मयीन भूमिकेतून पूर्णपणे उलगडत नाही. तथापि काही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहता येतात. १९३५ च्या एका विशेष कायद्याने महायुद्धातील सैनिकांसाठी अपवाद केल्यामुळे थिंड यांना १९३६ मध्येच, म्हणजे धनगोपालांच्या मृत्यूच्या वर्षीच, नागरिकत्व मिळाले. इतर भारतीयांना हा हक्क देणारा कायदा १९४६ मध्ये आला, आणि त्याने भारतातून येणाऱ्यांची वार्षिक मर्यादा १०० ठरविली. धनगोपालांना हा बदल पाहता आला नाही. भारतीय स्वातंत्र्याचा दिवसही त्यांना पाहता आला नाही. म्हणजे जो देश सोडला त्याचे नागरिकत्व आणि जेथे राहिले तेथील नागरिकत्व, ही दोन्ही त्यांच्या हयातीत त्यांना अप्राप्यच राहिली. सव्वीस वर्षे ते अमेरिकेत राहिले, ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून.

मृत्यूनंतर दोन्ही साहित्यपरंपरांना त्यांचा विसर पडला. बंगाली साहित्येतिहासाला त्यांची नोंद घेण्याचे कारण नव्हते, कारण त्यांनी बंगालीत लिहिले नाही. भारतीय इंग्रजी साहित्याने आपला आरंभ भारतात लिहिलेल्या किंवा भारतात परतलेल्या लेखकांपासून मोजला. अमेरिकन साहित्याने त्यांना बालविभागाच्या कपाटात ठेवले. २००२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्याच प्रकाशनसंस्थेने ‘कास्ट अँड आउटकास्ट’ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा आशियाई-अमेरिकन साहित्याचे एक आद्य पुस्तक म्हणून त्याचा विचार सुरू झाला. ज्या वर्गात ते बसतात तो वर्ग त्यांच्या काळी अस्तित्वातच नव्हता.

आज भारतीय विद्यापीठांतून बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे १९१४ मधील परिस्थिती नाही. परवाने, मुदती आणि रांगा यांचे स्वरूप पालटले आहे, मायदेशाशी संपर्क क्षणार्धात होतो आणि परदेशी राहून मातृभाषेत लिहिणे व छापणे शक्य आहे. तरीही धनगोपालांच्या चरित्रातून एक गोष्ट स्पष्ट होते. राहण्याचा निर्णय पदवीदानाच्या दिवशी होत नाही. तो पहिल्या नोकरीबरोबर, पहिल्या पुस्तकाबरोबर, विवाहाबरोबर, आईच्या निधनाच्या वार्तेबरोबर थोडा थोडा होत जातो आणि एके दिवशी तो होऊन गेलेला आढळतो. लेखकाच्या बाबतीत त्याची सर्वांत विश्वसनीय खूण म्हणजे त्याच्या वाक्यासमोर कोण बसलेले आहे ही होय. धनगोपालांच्या वाक्यासमोर आरंभी काव्यलोलुप सॅन फ्रान्सिस्को बसले होते, मग जिज्ञासू आणि संशयी न्यूयॉर्क बसले. सर्वांत शेवटी आणि सर्वांत सुखाने तेथे एक मूल येऊन बसले. भारतीय साहित्याच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित करायचे तर या तिसऱ्या श्रोत्यापासून आरंभ केला पाहिजे, कारण त्याच्याशी बोलताना धनगोपालांना आपण कोठले, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले नाही.